मोंढ्यातल्या दुकानासाठी असेंबल पीसी: जुना आय७ घ्यावा का?

आडत_परभणी
नमस्कार. आडत दुकानासाठी पीसी जुळवायचाय. काम म्हणजे टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, बँक, क्रोममध्ये दहा-पंधरा टॅब. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. हिशेबपट्ट्या जुन्या डॉट मॅट्रिक्सवर निघतात, त्याला जाड पॅरलल केबल आहे. बजेट मॉनिटर सोडून ३५ हजार. एका दुकानदाराचं कोटेशन असं: आय७ थर्ड जनरेशन, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २ जीबी ग्राफिक कार्ड, कॅबिनेटसोबत ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा). म्हणायलाय की आय७ आहे, दहा वर्षं बघायचं काम नाही. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक सुरू होते, त्याच्या आत बसवायचाय.

पेचकस_नांदेड
घेऊ नका. थर्ड जनरेशन २०१२ सालचं आहे. विंडोज ११ ला इंटेलचा अधिकृत पाठिंबा आठव्या जनरेशनपासून पुढे, आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. बँक आणि जीएसटी ज्या मशीनवर चालणार, तिथं हे चालवून घेऊ नये. नुसत्या ‘आय७’ या नावाला भुलू नका, पुढचा आकडा बघा. आय७ ३७७० मध्ये ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). आय३ १२१०० मध्येही तेवढेच, आणि त्याचा एकेक कोअर दीडपटीहून जास्त वेगवान.

मी लावीन ते असं: आय३ १२१००, डीडीआर४ चा एच६१० बोर्ड, ८-८ च्या दोन रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी. ग्राफिक कार्ड काढून टाका. प्रोसेसरमधलं ग्राफिक तुमच्या कामाला पुरून उरतं, वर एक पंखा आणि तेवढी गरमी कमी. फक्त बिलावर १२१०० च्या पुढे ‘एफ’ नाही ना ते बघा. एफवाल्यात ग्राफिकच नसतं, कार्ड काढलं की स्क्रीन काळी. आणि दुकानदार त्याऐवजी १४१०० देत असेल तर बोर्डाचं बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून द्यायला सांगा. जुन्या स्टॉकचा एच६१० त्याच्याशिवाय सुरूच होत नाही.

रॅमचे भाव चढले असतील तर सध्या १६ ची एकच घ्या, दुसरा स्लॉट मोकळा राहील. टॅलीला फरक पडत नाही. ८ वर मात्र थांबू नका, पंधरा टॅब उघडले की रखडतं.

डीपी_लातूर
वरचं सगळं बरोबर, पण आपल्याकडं पीसी मरतो तो विजेनं. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसचं स्टिकर वाचा. वर ४५० वॉट लिहिलेलं असतं आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर जवळपास सगळी वीज याच लाइनवरून घेतो. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) ४५० वॉटचा वेगळा घ्या. त्याच्या स्टिकरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं हवं. काहींवर २०० ते २४० असतं. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या आणि व्होल्टेज १७० वर आलं की असला एसएमपीएस पीसी रीस्टार्ट करत बसतो.

यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटचा. हा पीसी आणि मॉनिटर मिळून रोजच्या कामात शंभरच्या आतच राहतील, टॅली बंद करायला भरपूर वेळ मिळतो. यूपीएसवर लेझर प्रिंटर कधीही लावू नका, तापताना तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

आणि अर्थिंग मोजा. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये बघा: दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. अर्थ तुटलेलं असेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळं कॅबिनेटवर शंभर-एकशेदहा व्होल्ट दिसतात. हाताला मुंग्या येतात त्या यानेच.

पेचकस_नांदेड
प्रोसेसरवरच्या कूलरचं राहिलं. सोबत येणारा पुरतो, पण त्याचे चार पाय बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधीच दाबून घ्या. पायांची डोकी बाणाच्या उलट दिशेनं फिरवून घ्यायची, मग तिरपे समोरासमोरचे कोपरे दाबायचे, कट्ट आवाज येईपर्यंत. बोर्ड उलटा करून चारही टोकं मागे पूर्ण आलीत का बघा. एक जरी अर्धवट राहिलं तर मे महिन्यात प्रोसेसर १०० अंशाला जाऊन वेग पाडतो आणि लोक म्हणतात विंडोज खराब झालं.

मोंढ्यात भुसा उडतो, म्हणून कॅबिनेट जमिनीपासून फूटभर वर ठेवा. समोरची जाळी काढून धुता येईल असं बघा. खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर नको.

पट्टी_जालना
प्रिंटरचं कोणी बोललं नाही. यूएसबी-पॅरलल केबल विंडोजच्या ड्रायव्हरमधून चालते. पण तुमचं पट्टीचं सॉफ्टवेअर जुनं असून डॉसच्या पद्धतीनं सरळ एलपीटी१ (पॅरलल पोर्ट) वर छपाई पाठवत असेल, तर ती त्याला दिसतच नाही. मग प्रिंटर शेअर करून नेट यूज कमांडनं एलपीटी१ ला जोडावा लागतो. त्यापेक्षा एलपीटी हेडर (पॅरलल पोर्टच्या पिना) असलेला एच६१० बोर्ड शोधा, कॅबिनेटच्या मागं बसणाऱ्या पोर्टची केबल वेगळी मागून घ्या. नाहीतर छोट्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटचं पॅरलल कार्ड. युनिकोड मराठीत पट्टी छापणार असाल तर प्रिंटर ती चित्र म्हणून छापतो, वेळ जास्त लागतो. गर्दीच्या दिवशी जाणवेल.

आडत_परभणी
सगळ्यांचे आभार. आज मोजून बघितलं, न्यूट्रल-अर्थमध्ये ३८ व्होल्ट दाखवायलंय. चालतं का?

डीपी_लातूर
नाही. यूपीएसची पिन काढून परत मोजा, मग वायरमनला दाखवा. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत असेल तर उन्हाळ्यात माती भेगाळून सळईपासून सुटते, त्यात पाणी ओतून आठवडाभरानं पुन्हा मोजा. तरी उतरलं नाही तर डांबावरचा न्यूट्रल ढिला असेल, ते वीज कंपनीच्या लाइनमनचं काम. तोवर नवा पीसी त्या स्विचबोर्डाला लावू नका.