व्हेनिस: सासूबाईंचे गुडघे आणि ३५० युरो – सल्ला हवा

शेवंती७
नोव्हेंबरच्या मध्याला फ्लॉरेन्सहून रेल्वेने व्हेनिसला जातोय. मी, नवरा आणि सासूबाई. त्यांचं वय ७१, सपाटीला तासभर चालतात, पण पायऱ्या दिसल्या की गुडघे बोलायला लागतात. दोन रात्री मुक्काम. हॉटेल आणि रेल्वे सोडून तिघांचे मिळून ३५० युरो, त्यावर एक छदाम नाही. मेस्त्रेत, म्हणजे खाडीअलीकडे मुख्य भूमीवर, राहावं की बेटावर? बोटीचा पास घ्यावा का? गोंडोला जरुरीचा आहे का? सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

म्यूनिककर
मेस्त्रे. डोळे झाकून. निम्म्या पैशात दुप्पट मोठी खोली, लिफ्ट, आणि ट्रेन दहा-बारा मिनिटांत सांता लुचियाला, म्हणजे बेटावरच्या स्टेशनला, सोडते. आम्ही तिथेच राहिलो होतो, काहीही अडलं नाही.

उगाचच_आपलं
मेस्त्रेत राहून व्हेनिस बघणं म्हणजे वाईत खोली घेऊन महाबळेश्वर बघणं. दिवसाचे पर्यटक परतले की संध्याकाळी गल्ल्या रिकाम्या होतात, खरं व्हेनिस तेव्हाच. तेवढ्यात तुम्ही स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे.

कृष्णाकाठ
वाईत काय वाईट आहे हो? घाटावर या एकदा.

बिझनेसक्लास
ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर सरळ खासगी वॉटर टॅक्सी करा. आम्ही विमानतळावरून थेट हॉटेलच्या दारात उतरलो. लाकडी बोट, चामड्याच्या गाद्या. शंभराच्या बऱ्याच वर गेले, पण आयुष्यात एकदाच जातो ना माणूस.

शेवंती७
आम्ही रेल्वेने येतोय. आणि ३५० युरो तिघांचे, सगळ्याचे.

माईसाहेब_ठाणे
अगं शेवंती, पूल कमी कसे लागतील ते आधी बघ. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. नकाशावर ३०० मीटर दिसणाऱ्या हॉटेलच्या वाटेत तीन पूल निघतात, तेही बॅगा उचलून. स्टेशनातून बाहेर पडल्यावर डावीकडे लिस्ता दि स्पान्या हा रस्ता आहे. गूलिये पुलापर्यंत त्यावर एकही पूल नाही. तिथे हॉटेल शोध, लिफ्ट आहे का ते फोन करून विचार.

पास नक्की घे. एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो, तेही ७५ मिनिटांचंच. ४८ तासांचा पास ३५, म्हणजे तिघांचे १०५. घड्याळ विकत घेतल्यापासून नाही, पहिल्यांदा मशीनला लावल्यापासून चालू होतं. दुपारी पोचून तिसऱ्या दिवशी दुपारी निघणार असाल तर ७२ तासांचा ४५ वाला नको.

आणि १ नंबरची बोट स्टेशनाच्या धक्क्यावर पकडू नकोस, तोवर ती भरलेली असते. एक धक्का मागे पियात्साले रोमाला ती सुटते, तिथे बसायला जागा मिळते. मग रियाल्तो पुलाखालून सान मार्को चौकापर्यंत सासूबाईंना बसून सगळे वाडे बघता येतील.

पंक्चर_काका
तिकीट मशीनला लावायला विसरू नका!!! खिशात पास असून आम्हाला दंड झाला. तपासनिसाला इंग्रजी येत होतं, पण ऐकून घेण्यापुरतं नाही.

लोणावळा_लोकल
पास घ्या. १ नंबरची बोट मस्त. पियात्साले रोमाहून चढा म्हणजे जागा मिळते.

माईसाहेब_ठाणे
हो, असं वर कोणीतरी लिहिलंय खरं.

सावधान_पुढे_पाणी
नोव्हेंबर? तो तर पुराचा महिना. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरवर गेलं होतं. गमबूट घेऊन जा किंवा एप्रिलमध्ये जा.

म्यूनिककर
२०१९ नंतर बरंच पाणी वाहून गेलंय. ऑक्टोबर २०२० पासून मोसेचे, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारे, दरवाजे वापरात आहेत. ११० सेंटिमीटर किंवा जास्त भरतीचा अंदाज असला की खाडीच्या तोंडाशी ते उभे करतात.

सावधान_पुढे_पाणी
आणि १०० ला? सान मार्को चौक सखल आहे, त्याच्या आतच पाणी येतं तिथे. फळ्यांच्या रांगेवरून म्हाताऱ्या बाईंनी तोल सांभाळायचा का?

शेवंती७
सासूबाई हे वाचतायत. ‘म्हाताऱ्या’वर त्यांचा आक्षेप आहे.

उगाचच_आपलं
शिवाय शहरात शिरायचे पैसे घेतात आता, ते धरा बजेटमध्ये.

माईसाहेब_ठाणे
ते वसंत-उन्हाळ्यातल्या ठराविक दिवशी, आणि दिवसाच्या पाहुण्यांना. नोव्हेंबरात नको काळजी.

पंक्चर_काका
गोंडोला = लूट. जेवण = लूट. माशाचा दर १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, बिल अख्ख्या माशाचं येतं.

शेवंती७
आम्ही मासे खात नाही, काका.

तिखटमीठ
शाकाहारासाठी: ताजा पास्ता बहुधा अंडं घालून मळतात. सुका स्पागेत्ती-पेन्ने साधारणतः नुसत्या रव्याचा, तरी विचारून घ्या. बऱ्याच चीजमध्ये रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं) असतं, ते चालत नसेल तर मरिनारा पिझ्झा मागा, त्यात चीजच नसतं. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, बसलात की दर बदलतो, सान मार्को चौकात तर फारच.

गोंडोल्याचा अधिकृत दर दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो, संध्याकाळी ७ नंतर ३५ मिनिटांचे ११०. हा अख्ख्या बोटीचा, माणशी नाही. नुसती हौसच असेल तर त्रागेत्तो करा, तीही गोंडोलाच, ग्रँड कॅनॉलच्या या काठावरून त्या काठाला नेते. दोन युरो. पण चढताना-उतरताना हलते, गुडघ्यांचं बघा.

उंचावरून शहर बघायचं तर सान मार्कोच्या घंटाघराला लिफ्ट आहे (१९०२ मध्ये कोसळलं होतं, १९१२ ला पुन्हा बांधून झालं). पण रांग असते. समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावरच्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे, गर्दी कमी, आणि तिथून सान मार्कोच समोर दिसतं. २ नंबरची बोट, सान झक्कारियाहून एकच धक्का.

बिझनेसक्लास
गोंडोला संध्याकाळीच करा. ११० काही जास्त नाहीत. आमच्या वेळी अकॉर्डियनवालाही होता, तो वेगळा.

प्राजक्ता_रॉटरडॅम
व्हेनिसचा हट्ट का? ॲमस्टरडॅमला या. कालवेही आहेत आणि ट्रामही.

लोणावळा_लोकल
२१ नोव्हेंबरला असाल तर सालुते चर्चचा उत्सव बघा. १६३० च्या प्लेगमधून सुटका झाली म्हणून नवस फेडतात, ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल बांधतात.

माईसाहेब_ठाणे
पुन्हा पूल!

शेवंती७
सगळ्यांचे आभार. लिडोवर हॉटेल घेतलं. सपाट बेट, रस्त्यावर बस धावते आणि ती याच पासात. १ नंबरची बोट शेवटी तिथेच जाते, म्हणजे बॅगांसकट बसून राहायचं. सान झक्कारियाहून पंधराएक मिनिटं. पास ४८ तासांचा, सान जोर्जोची लिफ्ट नक्की. गोंडोला दिवसाचाच, आणि ते ९० युरो सासूबाई स्वतःच्या पेन्शनमधून देणार आहेत, त्यामुळे तो विषय घरात संपलाय.

म्यूनिककर
लिडो?? नोव्हेंबरात? तिथली समुद्राकाठची अर्धी हॉटेलं बंद असतात.

शेवंती७
आमचं उघडं आहे, फोन करून विचारलं. लिफ्टही आहे.

कृष्णाकाठ
वाईत सगळी उघडी असतात.