मावशीचं बाळ सांभाळायचे पैसे

मावशी म्हणते, 'सुट्टीत आठ महिन्यांचं बाळ सांभाळ, शेवटी छान ड्रेस घेते', तर पैसे मागावेत का, असं तुम्ही विचारलंय. मागाच, आणि पहिल्या दिवसाआधी. ड्रेस ही भेट झाली, कामाचा मोबदला नव्हे.

हिशेब तासावर धरा. 9 ते 5 म्हणजे 8 तास. तासाला 40 रुपये धरले तर दिवसाचे 320, महिन्याच्या 26 दिवसांचे 8,320. दुपारचं जेवण तिथंच असेल तर 35 वर यायला हरकत नाही. सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातून जायचं तर रिक्षाभाडं मात्र वेगळं. बिनसतं ते कामं वाढतात तेव्हा: आधी बाळाचे कपडे, मग घरभराचं धुणं, मग संध्याकाळची कणीकसुद्धा. भरवणं, लंगोट, झोपवणं, बाटल्या उकळणं, एवढंच ठरवा. पाचनंतर थांबलात तर त्या तासाचे पैसे, आयत्या वेळी 'आज नको' आलं तर अर्धा दिवस.

आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. लाइट गेली तर बाळाला कुठल्या खोलीत न्यायचं, हे आधीच विचारून ठेवा. तोंड लावलेली पावडरच्या दुधाची बाटली तासाभरानंतर पुन्हा द्यायची नाही, ओतून टाकायची. लघवी कमी झाली, टाळू खोल गेलेली दिसली, तर लगेच मावशीला फोन.

पैसे दर शनिवारी घ्या. दोन महिन्यांचे एकदम मागायला नात्यात फार जड जातं.