म्हैस धार काढू देत नाही, तातडीने मदत हवी आहे

वाईकर_पोरगा: परवापासून म्हैस पान्हा चोरतेय. मी बसलो की कास आखडून घेते, बाबा बसले की लाथ. संध्याकाळच्या धारेची वेळ होत आली. खात्रीचा उपाय सांगा, पटकन.

गोठेवाले_काका: कितव्या वेताची? व्याली कधी? रेडकू आहे का?

वाईकर_पोरगा: तिसरं वेत, दिवाळीत व्याली. रेडकू आहे, ढुशा देऊन दमलं. एरवी धार आईच काढते.

मनीषा_कराड: मग आई कुठंय?

वाईकर_पोरगा: पुण्याला, ताईच्या बाळंतपणाला. इतक्यात येणार नाही.

गोठेवाले_काका: हे आधी सांगायचं ना राव! तिला आईच्या हाताची सवय आहे. पुढ्यात आंबोणाचा खुराक ठेवा, कोमट पाण्याने कास धुवा, आरडाओरडा बंद. म्हैस बिचकली की पान्हा गेलाच. आणि अंगठा दुमडून सड ओढू नका, मुठीने काढा.

यंत्रवाला: मिल्किंग मशीन घ्या, कटकट संपली.

गोठेवाले_काका: एका म्हशीला मशीन? म्हशीचं बहुतेक दूध वर कासेच्या ग्रंथींत असतं, सडापाशी अगदी थोडं. ती पान्हवलीच नाही तर मशीन काय ओढणार?

राजू_७७: इंजेक्शन मारा, मिनिटात सोडते.

पशुवैद्य_सोलापूर: अजिबात नको. दूध काढण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. कास गरम किंवा दगडासारखी लागली तर मात्र लगेच डॉक्टर बोलवा.

अनिता_ठाणे: आईची न धुतलेली साडी अंगावर घ्या. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आजोबा तिचं लुगडं नेसून धार काढायचे. आत्याला बघायला पाहुणे दुपारी यायचे ते सकाळीच आले. गोठ्याशी येऊन विचारतात, "मावशी, पाटील आहेत का घरात?" पदराखालून मिशा वळल्या, "मीच पाटील. बसा, धार अर्धी राहिलीय." उठले असते तर म्हशीने पान्हा चोरला असता, म्हणून पाहुण्यांना उन्हात बसवलं. लग्न तिथेच ठरलं!

यंत्रवाला: साडीने काही होत नसतं.

अनिता_ठाणे: म्हैस वासाने ओळखते हो. तुम्ही कधी धार काढलीय का?

रंकाळा_किंग: आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर या. भर रस्त्यात गिऱ्हाइकासमोर धार काढतात, पेला फेसाने भरतो. पंढरपुरी म्हैस असले नखरे करत नाही.

मनीषा_कराड: इथं त्याचं काय? पोरगं अडचणीत आहे. दादा, आई धार काढताना काय करते ते तिलाच विचारा.

वाईकर_पोरगा: विचारलं. म्हणाली, "मी तिच्याशी बोलते." साडी खांद्यावर टाकली, फोन स्पीकरवर ठेवला. आईने "काय गं भवाने, माझ्या लेकराला छळतेस?" म्हटल्याबरोबर म्हशीने कान फिरवले, सड टणक झाले. निम्मी कासंडी भरली, मग रेंज गेली. पण सकाळी त्याच वेळेला आई बाळाला न्हाऊ घालते. नुसत्या रेकॉर्डिंगवर पान्हवते का? कुणी करून बघितलंय?

बाजार_भाव: मुऱ्हा जातीची आहे का? द्यायची असेल तर कळवा.

वाईकर_पोरगा: द्यायची नाही. रेकॉर्डिंगचं सांगा.