इंटर्नशिप संपली, तेव्हा मुलांना काय सांगितलंत? (अनुभव धागा)

केळफूल

मैत्रिणीच्या मुलीचा परवा फोन आला. टीवायला आहे. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत तिला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. "मावशी, जाताना काय नेऊ? रंग, खेळणी, गोष्टीची पुस्तकं?" मी म्हटलं, दोन काळी पेनं आणि स्टेपलर. बिचारी हिरमुसली. पण माझ्या तरी तेवढंच कामाला आलं होतं.

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्सच्या) पहिल्या वर्षाला माझं फील्डवर्क परळला होतं, आठवड्यातून दोन दिवस. तिथलं टाटा कॅन्सर हॉस्पिटल १९४१ सालचं. बिहार, बंगाल, आसाम, आपला विदर्भ-खानदेश, सगळीकडून माणसं तिथे येतात. मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा ब्लड कॅन्सर म्हणजे एएलएल. त्याचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात, आणि सुरुवातीचे बरेच महिने हॉस्पिटलच्या जवळच राहावं लागतं. मुंबईत राहायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. २००६ पासून सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे मूल आणि आईवडील फुकट राहू शकतात. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही ते फुटपाथवर पथारी टाकतात. आमच्या संस्थेकडे खोल्या नव्हत्या. एक टेबल, एक झेरॉक्स मशीन आणि दोन ताई, एवढाच संसार.

माझ्याकडे रेल्वेचे फॉर्म होते. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला भाड्यात सवलत असते; आता स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला पाऊण माफ. त्यासाठी हॉस्पिटलचा सहीशिक्क्याचा फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवर जावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात मी एका फॉर्मवर पेशंटच्या जागी वडिलांचं नाव लिहिलं. ते गृहस्थ पहाटे चारपासून रांगेत उभे होते, तसेच हात हलवत परत आले. मला एक शब्द बोलले नाहीत. बाकावर बसून बिस्किटांचा पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट मलाच दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी सहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "दीदी, सोमवार को आओगी ना?" मी हो म्हणाले. सोमवारपासून माझी परीक्षा होती आणि त्यानंतर मी तिथे जाणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. अठरा वर्षं झाली. तो सोमवार अजून जात नाही.

तुम्ही काय सांगितलंत? लिहा. संस्थेचं नाव नको, मुलांची नावं तर नकोच.

ताकपिठलं

मी कॉमर्सवाला. कॉलेजला क्रेडिट हवे होते म्हणून गेलो, उगाच उदात्त कारण सांगत नाही. देणगीदारांच्या पावत्या आणि एक्सेल. मुलं दोन महिन्यांत चारदा पाहिली असतील, पण त्यांच्या औषधांची बिलं रोज.

एकदा देणगीच्या पत्रासाठी फोटो निवडायचं काम आलं. मी एका मुलाचा फोटो काढून ठेवला. छान गोल चेहरा, हातात उकडलेला बटाटा, मनापासून हसतोय. साहेब म्हणाले, "हा आजारी वाटत नाही. केस नसलेला बघ, जरा बारीक." त्या मुलाचा चेहरा गोल झाला होता तो स्टिरॉइडने. ते दिवस काय असतात हे मला त्याच्या आईने सांगितलं होतं. पोर रात्री तीनला उठून जेवायला मागतं, जेवून झाल्यावर लगेच परत मागतं, नाही म्हटलं की हातातलं फेकतं, आणि आठवडाभराने गोळ्या थांबल्या की भुकेच्या नावाने शून्य. तो बटाटा पहाटेचा चौथा होता. फोटोत हे कुठून दिसणार?

मी बारीक मुलाचा फोटो लावला. पत्राला पैसे चांगले आले, आणि त्यातून औषधं आली हेही खरंच. मला अजून ठरवता येत नाही.

मुलांना काही सांगायची वेळ आली नाही. शेवटच्या दिवशी पासवर्ड लिहून दिला आणि निघालो.

पुलाखालून

थोडक्यात लिहितो. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी रक्तदाते जमवायचं काम, भर मे महिन्यात. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, जन्मभर. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं नाहीत. फोनवर फोन. "आत्ता आंब्यांच्या गडबडीत आहे" हे कारण मी सात वेळा ऐकलं. रत्नागिरीकर आहे, त्यामुळे रागही धड येईना.

निघताना मुलांना काही सांगावं लागलं नाही. दर तीन महिन्यांनी मी स्वतः रक्त द्यायला जातो, तेव्हा भेट होतेच.

खानदेशी_आई

मी दुसऱ्या बाजूची. चालेल ना? माझ्या मुलाला पाचव्या वर्षी एएलएल झाला. आता तो दहावीत आहे, उंचीने माझ्या पुढे गेलाय. आम्ही मुंबईत अकरा महिने काढले.

तुम्हा इंटर्न लोकांना आम्ही ओळखायचो. मे महिना लागला की फुगे घेऊन येणार. प्रत्येक जण विचारणार, "बाळा, मोठा होऊन कोण होणार?" त्यांच्या मनात वाईट नसायचं. पण त्या अकरा महिन्यांत मी उद्याच्या काउंटपलीकडे, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या आकड्यापलीकडे, बघत नव्हते. काउंट पडला की केमो पुढे जायची, ताप आला की रात्रीच पळायचं. पेढे, उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं, काही चालत नसे. एका मुलीने कौतुकाने पाणीपुरी आणली होती. माझं पोर बघत राहिलं आणि मी तिच्यावर ओरडले. ती रडली. तिला आत्ता सांगते, ताई, माझं चुकलं, पण पाणीपुरी आणायची नसते गं.

मला आठवतो तो एक मुलगा. नागपूरकडचा असावा, कारण "करून राहिलो" म्हणायचा. तो मुलांशी फार खेळायचा नाही, लाजरा होता. एक दिवस मला म्हणाला, "काकू, औषधाच्या रांगेत मी थांबतो, तुम्ही जाऊन या." कुठे जाऊ? मला सुचेना. मग खोलीवर गेले, न्हायले, केस धुतले, पंख्याखाली बसून वाळवले. दोन तास. त्याआधी निवांत केस कधी धुतले होते ते आठवत नव्हतं.

आणि धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर. त्याने पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर त्याचा शेवटचा दिवस दाखवून ठेवला होता. माझा मुलगा रोज एक फुली मारायचा. त्या दिवशी दोघांनी मिळून शेवटची फुली मारली. रडारड नाही. रात्री मात्र मला विचारलं, "दादाला सुट्टी मिळाली, मला कधी?" मी त्याच कॅलेंडरवर आमच्या बोन मॅरोच्या तपासणीची तारीख दाखवली. ती नंतर दोनदा पुढे गेली. तरी फुल्या मारायची सवय राहिली.

थेम्सकाठ

खानदेशी_आई, तुमच्या मुलाला शुभेच्छा. पाणीपुरीवाल्या ताईच्या जागी मीही असू शकले असते.

माझा अनुभव इंग्लंडचा, मास्टर्स करतानाचा. जगातलं पहिलं मुलांचं हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या आजारात काळजी घेणारं घर) तिथलंच, ऑक्सफर्डचं हेलन हाऊस, १९८२ सालचं. मी होते ते दुसरं, लहानसं. घरी सांगितलं तेव्हा आजी फोनवर गप्पच झाली, तिच्या लेखी तिथे जाणारं माणूस परत येत नाही. पण आमच्याकडची बरीच मुलं चार-पाच दिवसांसाठी यायची, आईवडिलांना झोप मिळावी म्हणून. वर्षानुवर्षं रात्री तीनदा उठून मुलाला कुशीवर वळवणारे आईवडील पहिल्या दिवशी नुसते झोपायचे.

पोलीस पडताळणी होऊन यायला सहा आठवडे लागले. तोवर मी संस्थेच्या जुन्या सामानाच्या दुकानात कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावत होते. नंतर आत घेतलं, तेव्हा पहिली सूचना हीच: पुन्हा भेटू म्हणायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही. मला हे कोरडं वाटलं होतं. आपल्याकडे दारातून निघताना "येते" म्हणायची रीत, "जाते" म्हटलं की आजी ओरडायची. इंग्रजीत काय म्हणायचं ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. शेवटच्या दिवशी एका मुलाला मराठीतच "येते" म्हटलं. त्याला काय कळणार? त्याने हात हलवला.

अबोली

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्याकडे मुलांचा अभ्यास होता. शाळा सुटलेली, म्हणून रोज तासभर. बंगालमधली एक आठ वर्षांची मुलगी, हिंदी जेमतेम, मराठी शून्य, पण आकड्यांना भाषा कशाला लागते? बेरजा आवडायच्या तिला. सलाईनचा हात उशीवर ठेवून दुसऱ्या हाताने करायची. तो डावा होता, त्यामुळे आकडे पडलेले असायचे.

माझी इंटर्नशिप संपायला नऊ दिवस होते. तिला काय सांगायचं याची मी तयारी करत होते, बंगालीतलं एक वाक्य पाठही केलं होतं. कुर्ल्याला गाडी थांबली असताना ताईंचा फोन आला. इन्फेक्शन, पहाटे गेली. मी परळला न उतरता भायखळ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. पोहोचले तेव्हा वडील कागदांवर सह्या करत होते आणि आई पिशव्या भरत होती. स्टीलचा डबा, चादर, औषधांची पिशवी. औषधं उरली होती ती तिने टेबलावर ठेवली, दुसऱ्या कोणाला होतील म्हणाली.

वही माझ्या बॅगेत राहिली. ते लोक निघून गेल्यावर संध्याकाळी लक्षात आलं. ताईंनी पत्ता दिला, रजिस्टरने पाठव म्हणाल्या. पाठवायच्या आधी चाळली. एके ठिकाणी तिने ७ + ८ = १४ लिहिलं होतं आणि मी लाल पेनाने गोल केला होता. पांढरी शाई घेऊन बसले, मग नाही लावली. तशीच पाठवली. पोच आली, पत्र नाही.

केळफूल

अबोली, वाचलं.

मैत्रिणीच्या मुलीला सगळा धागा पाठवला. कॅलेंडर नेणार आहे म्हणाली. मग विचारलं, स्टेपलरच्या पिना तिथे मिळतात का? मिळतात, पण मंगळवारपर्यंत संपतात. दोन डब्या घेऊन जा म्हटलं.