थारला फिक्स ट्विन कॉम्प्रेसर बसवू का? उगाच खर्च वाटणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचा

मागचा_डिफ (पुणे)

गाडी थार डिझेल, टायर कंपनीचेच २५५/६५ आर १८. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार गाड्या जैसलमेरला सम गावाच्या पुढे वाळूत गेलो होतो. वाळूत रुतू नये म्हणून सगळ्यांनी टायरची हवा ३० वरून १५ पीएसआयला उतरवली, मजा आली, परत डांबरी रस्त्याला लागलो आणि मग कळलं की चौघांत मिळून पंप एकच, तो पण सिगारेट सॉकेटवाला, माझाच. दोन टायर भरले की हा तापून बंद. मग दहा पंधरा मिनिटं नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं, कोणीतरी टोपीने वारा घालतोय (खरंच). पहिली गाडी होईस्तोवर सूर्य बुडाला, बाकीच्यांपैकी दोघांनी कंटाळून १८ वरच ३०-४० च्या स्पीडने पंक्चरवाल्यापर्यंत गाडी सरकवत नेली आणि एकाच्या टायरची साइडवॉल हाताला चटका बसेल एवढी गरम झाली होती.

म्हणून आता ठरवलंय, बॉनेटखाली एआरबी कंपनीचा ट्विन (कायमचा बसवायचा जोड पंप), पुढच्या बंपरला क्विक कपलर (नळी झटकन जोडायला), चारी टायरला एकदम लागणारा होज म्हणजे नळी, आणि मागे हवेची १० लिटरची टाकी. एकदाच करायचं ते नीट करायचं. बायकोला खर्च सांगितलेला नाही. पाच आकडी आहे आणि पहिला आकडा बऱ्यापैकी मोठा आहे. कोणाला वाटतं का की मी चुकतोय?

सड्यावरचा (रत्नागिरी)

चुकतोयस. आणि चूक जैसलमेरलाच झाली होती, चार गाड्यांत एक पंप नेलात ती. ती बॉनेटखाली पुरून कशी सुटणार?

मला सांग वर्षातून किती वेळा १५ ला उतरतोस? पुण्याहून तू ताम्हिणी, भंडारदरा, कोयनेच्या बाजूला जाणार. तिथे वाळू नाही. आमच्याकडे कातळावर, सड्यावर दगड टोचू नयेत, गाडी उडू नये म्हणून फार तर २२ करतो, ते परत ३० करायला कितीशी हवा लागते. पावसात काळ्या चिकणीत तर हवा उतरवून टायर आडवा पसरला की अजूनच तरंगतो असा माझा अनुभव, तिथे नक्षी लागते. राहिला समुद्र. तर दादा, किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, गुन्हा दाखल होतो, आणि घातलीस तर भरतीच्या आत ट्रॅक्टरवाला शोधायची तयारी ठेव. दर मे महिन्यात बघतो आम्ही, पाणी दाराला लागतं तेव्हा मालक वाळूत अनवाणी धावत असतो.

बॅटरीला क्लिप लावून चालणारा चांगला पोर्टेबल घे. पिशवीत टाक. संपलं.

मागचा_डिफ

पोर्टेबल म्हणजे तोच प्रकार ना, जरा मोठा. परत तेच गरम होणं.

वायरमन_नाशिक

अरे नाही, जमीन अस्मानाचा फरक आहे. सिगारेट सॉकेटला बहुतेक गाड्यांत १५ अँपियरच्या आसपास फ्यूज असतो. १२ व्होल्ट गुणिले १५, म्हणजे १८० वॅट, त्याच्या वर तो पंप काही खाऊच शकत नाही, मग डब्यावर काहीही छापू देत. क्लिपवाले २०, ३० अँपियर खातात, थेट बॅटरीतून. वायएअर कंपनीचा ८८पी पंप २० अँपियर घेतो, त्यांचाच मोठा ४००पी ३०.

आता हिशोब कर. तुझ्या टायरच्या पोटात अंदाजे ६५ ते ७० लिटर जागा. १५ पीएसआय म्हणजे जवळपास १ वातावरण दाब. म्हणजे १५ चे ३० करायला टायरच्या पोटाएवढीच बाहेरची हवा आत कोंबायची, चार टायरची झाली २७० लिटर. ८८पी कागदावर मिनिटाला ४१ लिटर, पण तो आकडा समोर शून्य दाब असतानाचा, टायर भरत आला की धाप लागते, ३० धर. ९ मिनिटात गाडी तयार. ४००पी कागदावर ६५ चा, तो ५-६ मिनिटात. एआरबी ट्विन कागदावर १७४ चा, तो २ मिनिटं आणि काही सेकंद. सॉकेटवाला चिल्लर पंप खरोखर १५ देत असेल तर १८ मिनिटं, आणि मधे विश्रांती वेगळी.

म्हणजे तू एवढे पैसे मोजून ९ मिनिटांचे २ करतोयस. तुझे पैसे, तू ठरव. पण टाकी मात्र घेऊ नकोस, हात जोडतो.

मागचा_डिफ

टाकीला काय झालं आता? सगळ्या व्हिडिओत असते की.

वायरमन_नाशिक

१० लिटरची टाकी १०० पीएसआयला भरली. टायरमध्ये ३० पाहिजेत, म्हणजे टाकी ३० च्या खाली गेली की तिचा उपयोग संपला. मधले ७० कामाचे. त्यातून मिळाली ४८ लिटर हवा. तुझा एक टायर पण पुरता होत नाही त्यात! टाकी हवा साठवते, बनवत नाही. हॉर्न वाजवायचा असेल, एअर गन ने फिल्टर झाडायचा असेल तर ठेव. हां, एका कामाला मात्र लागते, खाली येतोच.

आणि चार टायरला एकदम होज लावला म्हणून पंप जास्त हवा देत नाही. काम तेवढंच, फक्त तुला फिरावं लागत नाही आणि चारी टायर आपोआप समान होतात. ती सोय मात्र खरी आहे, पोर्टेबलला पण करता येते.

जुनी_विलीज (कोल्हापूर)

आम्ही ८० च्या दशकापासून जीप चालवतोय, दोन नळ्यांचा फुटपंप, बास. टायर बायस प्लाय (जुने, तिरप्या धाग्यांचे), ट्यूब आत. राधानगरीच्या जंगलात हवा कमी करायची हे कोणाला माहीतच नव्हतं आणि तरी गाडी जायची. पंप बंद पडला तर हायवेला उभं राहायचं, ट्रक थांबवायचा, एअर ब्रेकच्या टाकीवरून पाईप लावून हवा मिळते, वर चहा पण मिळतो. तुमच्या बॉनेटखालच्या चायनीज ऑस्ट्रेलियन यंत्राला चहा येतो का.

मागचा_डिफ

काका तुम्हाला नमस्कार, पण सम च्या वाळूत ट्रक येत नाही हो. आणि फुटपंपाने चार गाड्यांचे १६ टायर मारले तर पाय कापायची वेळ येईल.

जिम्नीवाली (ठाणे)

मी दोघांच्या मधलं बोलते. माझी जिम्नी, १९५/८० आर १५, टायर थारपेक्षा बराच लहान, पोटात ४०-४५ लिटर. गेल्या वर्षी लडाखला बॅटरीवाला कॉर्डलेस नेला होता, ड्रिलसारखा दिसतो तो. घरी पार्किंगमध्ये एकदम झकास. हानलेच्या बाजूला, ४,३०० मीटरच्या आसपास, त्याने जीव सोडला. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्के पण नाही. पंप तेवढाच फिरतो पण प्रत्येक फेरीत आत येते ती हवाच पातळ. १० मिनिटांचं काम १६-१७ मिनिटांचं होतं, पंप गार व्हायला पण तीच पातळ हवा, आणि थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली. एक टायर भरून लाल दिवा. नंतर आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या क्लिपवाल्याने सगळ्यांचं झालं.

अजून एक, ह्या नादात लोक चुकतात. पुण्यात ३० भरून गेलात की तिकडे बाहेरचा दाब कमी म्हणून गेज ५ ने जास्त दाखवायला पाहिजे, पण पहाटे शून्याला तापमान असतं ते जवळपास तेवढंच खाऊन टाकतं. म्हणून सकाळी ३० दिसते आणि दुपारी उन्हात ३५-३६ दिसली की माणूस घाबरून हवा सोडतो. मग दुसऱ्या दिवशी पहाटे टायर बसलेला आणि पंपाला शिव्या. आमच्या ग्रुपमध्ये दोघांनी केलं हे. त्यातली एक मी.

त्यामुळे माझं मत, कॉर्डलेस शहरासाठी, बाहेर क्लिपवाला. फिक्स कशाला?

मागचा_डिफ

फिक्स ह्यासाठी की तो गाडीत असतोच. पोर्टेबल त्या वीकेंडला नेमका घरी माळ्यावर असतो, किंवा मेहुण्याकडे. हे कोणाचं झालं नाही त्याने हात वर करा. शिवाय सामान सगळं बाहेर काढून, तंबू, कूकर, पोरांच्या चपला, त्याच्या तळाशी पंप, मग बॉनेट उघडा, क्लिप लावा. मला बटण दाबायचंय.

सड्यावरचा

हा मुद्दा बरोबर आहे, मेहुण्याकडे माझा पण आहे.

पण आता दुसरी बाजू ऐक. तू बोल्ट मारून बसवलास आणि दुसऱ्याची गाडी ५० मीटर वर घळीत अडकली तर? तुझी गाडी तिथे जाणार नाही, त्याची येणार नाही. पोर्टेबल त्याच्या बॅटरीला लावता येतो. आणि इकडची तांबडी धूळ बघितलीस का, पिठासारखी, बॉनेटखाली सगळीकडे जाते. जुलैत ओढा ओलांडताना पाणी उडतं ते वेगळं. फिल्टर वर काढून घेतला नाहीस तर दोन पावसाळ्यात आत गंज.

मागचा_डिफ

फिल्टर नळीने वर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधली भिंत) नेता येतो.

गॅसवाला_९९

तुम्ही सगळे उगाच भांडताय. कार्बन डायऑक्साइडची बाटली ठेवा. आवाज नाही, वायर नाही, टायर अर्ध्या मिनिटात फुल. २ किलोच्या बाटलीत हजार लिटरच्या वर गॅस.

वायरमन_नाशिक

म्हणजे थारच्या चार वेळा. नंतर? रिफिल करायला जैसलमेरमध्ये सोडावॉटरवाला शोधणार? सिलिंडरला पेसो ह्या सरकारी सुरक्षा संस्थेचे नियम आहेत, ठरावीक काळाने टेस्ट करून घ्यावी लागते, आणि राजस्थानच्या उन्हात बंद गाडीत सीटमागे ती बाटली घेऊन मी तरी बसणार नाही. आणि रबरातून हा गॅस हवेपेक्षा लवकर झिरपतो, घरी येऊन परत साधी हवा भरायचीच.

बरं ट्विन घ्यायचाच असेल तर निदान वायरिंग नीट कर. त्याला ५० अँपियरच्या घरात करंट लागतो. माझ्याकडे एक गाडी आली होती, कुठल्यातरी अॅक्सेसरीवाल्याने ४ स्क्वेअर एमएम ची वायर घातली होती, स्पीकरला घालतात तशी. जाऊन येऊन ६ मीटर. त्यात जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जळतो, मोटर रडत चालते, जास्त तापते आणि मालक म्हणतो कंपनी फसवी. वायरचं आवरण हाताला चिकटत होतं एवढं मऊ झालेलं. १६ स्क्वेअर घाल, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, रिले वेगळा, आणि इंजिन चालू ठेवूनच पंप लाव. गाडीची मूळ वायर कुठे कापू नकोस, नाहीतर सर्व्हिस सेंटरला वॉरंटी नाकारायला आयतं कारण.

जिम्नीवाली

ट्विनचा खरा उपयोग ज्यांना एअर लॉकर (हवेच्या दाबाने दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आहे त्यांना ना?

वायरमन_नाशिक

लॉकरला दाब लागतो १०० च्या आसपास पण हवा चमचाभर. सिंगल पण पुरतो. आणि ह्याच्या थारला मागे मेकॅनिकल लॉकर कंपनीतूनच आहे, आयडी वाचा त्याचा, डिफ म्हणजे डिफरन्शियल, लॉकर त्यातच असतो. त्याला हवा लागतच नाही.

टाकीचं राहिलं होतं. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला, बीड (टायरची रिमला बसणारी कड) निघालं, तर परत बसवायला एकदम जोरात भरपूर हवा लागते. हळू पंप कितीही वेळ लावा, फुस्स करून कडेने निघून जाते. तिथे टाकी कामाला येते. पण टायरच्या भोवती रॅचेटचा पट्टा आवळून, व्हॉल्वची पिन काढून भरलं तर चांगल्या पोर्टेबलने पण बसतं, मी बसवलंय. पिन काढली की वाट मोकळी होते ना. फक्त बीड ठक्कन बसताना बोटं लांब, आणि पट्टा लगेच सोडायचा. डिओडरंट मारून काडी लावणारे व्हिडिओ बघू नका, भुवया जातात, कधी त्याहून जास्त.

जुनी_विलीज

पंक्चर काढायचा धागा, कानस आणि सोल्युशन कोणी घेतलंय का सांगा आधी. हवा मारून काय करणार, भोक तसंच. माझ्या माहितीत एकजण आहे, सगळ्यात भारी पंप, आणि पंक्चर किट नाही. तासभर भरत होता.

मागचा_डिफ

काका हे लागलं. किट आहे पण सोल्युशन वाळलंय, आत्ताच बघून आलो.

अपडेट. वायरमनने नाशिकहून त्याचा ४००पी पाठवला होता, म्हटलं ट्विनच्या आधी बघू तरी. काल रात्री जेवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारी टायर १५ ला उतरवले, मोबाइलवर घड्याळ लावलं. पहिला टायर १ मिनिट ३५ सेकंद. दुसरा १ मिनिट ४०. होज मागच्या डाव्या टायरला पोचेना. तेवढ्यात सेक्रेटरी लुंगीवर खाली आले, अकरा वाजलेत, वरती लोकांना वाटतंय कोणीतरी बोअर मारतोय. मी म्हटलं काका फक्त दोन टायर राहिलेत. ते म्हणाले सकाळी. त्यामुळे आत्ता माझी गाडी पुढे ३० आणि मागे १५ वर उभी आहे, बोकडासारखी, आणि सकाळी आठला मला ऑफिसला निघायचंय.

ट्विनचा ऑर्डर मी अजून कॅन्सल केलेला नाही. पण टाकी काढली यादीतून. आणि ४००पी ला होज वाढवायला कोणता कपलर बसतो ते सांगा, वायरमन, जागा असशील तर.

वायरमन_नाशिक

जागा आहे. फोटो टाक कपलरचा. आणि सेक्रेटरींना सांग, ट्विनचा आवाज दोन मिनिटातच संपतो. मी ट्विनच्या विरोधात आहे पण तुझ्या सोसायटीपुरता तोच बरा दिसतोय.

सड्यावरचा

फुटपंप. काकांकडून घे, आवाज नाही.