हॉलमध्ये मसाज खुर्ची घ्यायची का?

सेक्रेटरी: देणगीतून सोसायटीच्या खालच्या हॉलसाठी मसाज खुर्ची घ्यावी, असं काही ज्येष्ठांचं म्हणणं आहे. मतं सांगा.

बी-204 (फिजिओ): साहेब, खुर्ची नको. तासभर बरं वाटतं, पण मांडीत ताकद येत नाही. मांडीचे पुढचे स्नायू सुकले की जिन्यावर गुडघ्याला आधार उरत नाही. त्यापेक्षा भिंतीच्या बाजूनेही रेलिंग लावा.

ए-101 काकू: पण ताई, हल्ली ज्याचे त्याचे गुडघे कसे दुखतात गं?

बी-204: काकू, जगभर तेच. 2020 मध्ये सांध्यांची झीज असलेले सुमारे 59.5 कोटी लोक होते, 2050 पर्यंत आकडा 100 कोटींच्या आसपास जाईल. माणसं जास्त जगतात, वजनंही वाढलीत. बायकांत प्रमाण जास्त. त्यात सोलापुरात विड्या वळायला तासन् तास मांडी घालून बसणं आलंच.

ए-101 काकू: मग करायचं काय?

बी-204: हात नसलेली घट्ट खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर, उठा, मग तीन मोजत सावकाश बसा. 8-10 वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. उठताच येत नसेल तर खाली उशी घाला. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर एकच फेरी.
काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण उलटी धरतात! चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

सी-302 काका: रोज एक पेनकिलर चालते ना?

बी-204: डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही काका. किडनी, बीपी, पोट, तिन्हींना त्रास. व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं पाकीटही आठवड्याला सांगितलेलं असतं, काही जण रोज घेतात. रक्तात कॅल्शियम वाढतं.

डी-403 (सिव्हिल इंजिनिअर): रेलिंगला दीड इंची गोल स्टील पाइप घ्या, चौकोनी मुठीत बसत नाही. पायरीच्या कडेपासून उंची 90 सेंमी, भिंतीपासून अंतर 5 सेंमी. पहिल्या आणि शेवटच्या पायरीपुढे 30 सेंमी पाइप जादा सोडा, तोल तिथेच जातो. बोल्ट नुसत्या प्लास्टरमध्ये नकोत, विटेत किंवा काँक्रीटमध्ये जायला हवेत, नाहीतर एका झटक्यात ब्रॅकेट हातात.

सेक्रेटरी: दोन फॅब्रिकेटरकडून कोटेशन मागवतो. रविवारी ठरवू.

डी-403: त्यात पायऱ्यांच्या कडेची खरखरीत पट्टीही धरा. पावसाळ्यात ओल्या ग्रॅनाइटवर चपला सरकतात.