नाझींनी दडवलेल्या पैशाचा तपास अर्ध्यावर का सोडला?

खतावणी:
न्यूरेंबर्गच्या खटल्यांवर आपल्याकडे बोललं जातं ते फाशी कोणाला झाली आणि कोण निसटलं याबद्दल. पैशाबद्दल कोणी बोलत नाही. माझं म्हणणं असं की दोस्त राष्ट्रांनी सोनं शोधलं, पण त्या लुटीवर आणि वेठबिगारीवर ज्यांची घराणी गब्बर झाली त्यांच्यापर्यंत पोचल्यावर तपास गुंडाळला. आणि पुरावा नव्हता म्हणून गुंडाळला, असंही नाही.

सुरुवात वेळेत झाली होती. १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, अमेरिकेने 'सेफहेवन' नावाची मोहीम काढली. जर्मनांनी तटस्थ देशांत पैसा हलवायचा आणि पुढे त्याच्या जोरावर पुन्हा उभं राहायचं, हे तिला रोखायचं होतं. जर्मनीतल्या मेर्कर्सच्या मिठाच्या खाणीचा पत्ता मात्र लागला योगायोगाने. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन लष्करी पोलिसांनी रस्त्यात दोन विस्थापित फ्रेंच बायकांना हटकलं. एक गरोदर होती, दुसरी तिला सुईणीकडे घेऊन चालली होती. खाणीत सोनं आणून ठेवलंय हे त्यांच्याकडून कळलं. तळघराचं दार पोलादी, म्हणून भिंतच सुरुंगाने उडवली. आत शंभर टनांहून जास्त सोनं, पिशव्यांच्या रांगाच्या रांगा, आणि मागच्या बाजूला सुटकेसी आणि पेट्या. त्यांत लग्नाच्या अंगठ्या, घड्याळं, चष्म्यांच्या फ्रेमा, सोन्याचे दात.

हा छळछावण्यांतला माल. नाझींच्या एसएस या निमलष्करी दलाचा ब्रूनो मेल्मर ऑगस्ट १९४२ पासून तो बर्लिनच्या राइखबँकेत, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेत, आणून देत असे. मी आयुष्यभर हिशेब तपासायचं काम केलं, त्यामुळे त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही: बँकेने हे सगळं रीतसर नोंदवलं. वजन, वर्गवारी, किंमत, आणि रक्कम मॅक्स हायलिगर या बनावट नावाच्या खात्यावर जमा. मौल्यवान धातूंच्या विभागाचा प्रमुख आल्बर्ट टोम्स याने न्यूरेंबर्गमध्ये साक्ष दिली. बँकेचा अध्यक्ष वाल्टर फुंक जन्मठेपेवर गेला आणि १९५७ मध्ये आजारपणामुळे सुटला. उपाध्यक्ष एमिल पूल याला पाच वर्षं.

आणि मोठे मासे? कोळसा-पोलादाचा उद्योगपती फ्रीडरिश फ्लिक याला सात वर्षं झाली, १९५० मध्ये तो बाहेर आला आणि पश्चिम जर्मनीतल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक म्हणून १९७२ मध्ये मेला. वेठबिगारांना त्याने शेवटपर्यंत एक मार्कही दिला नाही. पोलाद आणि शस्त्रास्त्रांचा कारखानदार आल्फ्रीड क्रुप याला १९४८ मध्ये बारा वर्षं आणि सगळी मालमत्ता जप्त अशी शिक्षा होती. जानेवारी १९५१ मध्ये अमेरिकन उच्चायुक्त जॉन मॅक्लॉय यांनी त्याची सुटका केली आणि मालमत्ताही परत दिली. याला तपास म्हणायचं का?

पश्चिमवारा:
तळमळ समजली, पण निष्कर्ष पटला नाही. १९४८ मध्ये रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली, १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं. जर्मनीत शहरंच्या शहरं ढिगाऱ्याखाली होती. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला पिळून काय निपजलं, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं. पोलाद आणि कोळसा चालू करायचा की वीस वर्षं चौकशा करत बसायचं, यात त्यांनी निवड केली, आणि मला ती बरोबर वाटते.

फळ पाहा ना. १९५२ च्या लक्झेंबर्ग करारात पश्चिम जर्मनीने इस्रायलला ३०० कोटी मार्क आणि ज्यू संघटनांच्या क्लेम्स कॉन्फरन्सला ४५ कोटी मार्क द्यायचं कबूल केलं, आणि दिले. अर्थव्यवस्था सावरली म्हणूनच हे शक्य झालं.

क्रुपबद्दलही अर्धंच सांगितलंय. इतक्या आरोपींत सगळी मालमत्ता जप्त झालेला तो एकटाच होता. मॅक्लॉय यांचा आक्षेप यालाच होता. एकाला एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, हे कुठल्या कायद्यात बसतं?

लिंबोणी:
पश्चिमवारा, ते ३०० कोटी भरले कोणी? करदात्यांनी. त्यात १९३९ मध्ये शाळेत जाणारी पोरंही आली. फ्लिकच्या खिशातून काय गेलं?

मला दुसरी बाजू मांडायची आहे. गुन्हेगारांचा पैसा शोधायचा सोडून दिला, तेव्हा बळींचा पैसाही त्याच अंधारात राहिला. दोन्ही एकाच बँकांत होते. ज्यांचे आईवडील छावणीत मारले गेले ते स्विस बँकांत गेले, तर त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला मागितला गेला. ऑशविट्झमध्ये दाखला कोण देणार होतं? १९६२ मध्ये स्विस सरकारने बेवारस खाती जाहीर करायला लावली, तर बँकांनी सगळी मिळून एक कोटी फ्रँकच्या आसपास रक्कम दाखवली. पुढे १९९६ ते १९९९ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या समितीने तीच दप्तरं उघडली. छळ झालेल्यांशी संबंध असण्याची शक्यता असलेली ५३,८८६ खाती निघाली! १९९८ मध्ये बँकांनी १२५ कोटी डॉलरवर तडजोड केली. म्हणजे शोधलं की सापडत होतं.

बर्लिनवासी:
मी इथे राहतो आणि माझं मत पश्चिमवारा यांच्या जवळचं आहे, कारण मात्र वेगळं. व्होल्कर समितीचाच दुसरा आकडा घ्या. नाझी काळात स्विस बँकांत उघडलेली सुमारे ६८ लाख खाती, त्यांपैकी सुमारे २७ लाखांचा कसलाही कागद उरला नव्हता. तोवर बहुतेक वारस गेले होते. लेखापरीक्षकांचे आणि वकिलांचे ताफे कामाला लागले, आणि म्हाताऱ्या माणसांनी पुन्हा अर्ज भरले, पुन्हा वाट पाहिली. मला याचं दुःख होतं.

त्यात सोनं वितळलं की मालक पुसला जातो. बेल्जियमने आपलं सोनं सांभाळायला फ्रान्सकडे दिलं होतं. ते पश्चिम आफ्रिकेतल्या डाकारला गेलं, जर्मनांशी जुळवून घेतलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने ते सहारा ओलांडून परत आणून जर्मनांच्या हवाली केलं. सुमारे १९८ टन. बर्लिनच्या टांकसाळीत लगडी वितळवून त्यांवर युद्धाआधीची सालं ठोकली. अशा लगडीच्या मागे किती धावणार?

यापेक्षा २००० सालचा मार्ग मला माणुसकीचा वाटतो. जर्मन सरकार आणि उद्योगांनी निम्मे-निम्मे घालून १,००० कोटी मार्कांचा निधी उभा केला आणि १६ लाखांहून जास्त वेठबिगारांना किंवा त्यांच्या वारसांना पैसे पोचवले. कोणाच्या खात्यात काय होतं हे सिद्ध करायची गरजच पडली नाही.

खतावणी:
बर्लिनवासी, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतं. बेल्जियमच्या लगडींचा माग लागला होता. राइखबँकेची दप्तरं आणि पूलची कबुली अमेरिकनांच्या हातात होती, तीच पुढे ठेवून १९४६ मध्ये वॉशिंग्टनला स्विस लोकांशी बोलणी झाली. त्यांच्या राष्ट्रीय बँकेने जर्मनांकडून सुमारे १२० कोटी फ्रँकचं सोनं घेतलं होतं. २५ कोटी फ्रँकवर सौदा पटला. त्यातलं सगळंच सोनं लुटीचं नव्हतं हे मान्य, पण बरंचसं लुटीचं आहे हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. पोर्तुगालने तर कसेबसे चार टन परत केले.

२००० सालचा निधी चांगलाच. पण युद्ध संपल्यावर ५५ वर्षांनी! त्या खाणीकामगारांतले, दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या बायकांतले बहुतेक तोवर मेले होते. २७ लाख खात्यांचे कागद नाहीत म्हणता, त्यांतले पुष्कळ १९४६ मध्ये होते की. उशीर कोणी केला, ते आधी सांगा. तपास न करणाऱ्याने कागद नाहीत ही सबब सांगू नये.

मेल्मरच्या मालाचं काय झालं तेही सांगतो. त्यातलं काही वितळवून बँकेच्या इतर सोन्यात मिसळलं होतं. युद्धानंतर तीन राष्ट्रांच्या सोने आयोगाने देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांना ३०० टनांहून जास्त सोनं वाटलं, त्यात छावण्यांतलं सोनंही गेलं. १९९७ च्या अमेरिकन सरकारी अहवालाने हे मान्य केलं. लोकांच्या दातांतलं सोनं सरकारांच्या तिजोरीत जमा झालं, आणि पन्नास वर्षं कोणी चकार शब्द काढला नाही.

पश्चिमवारा:
उशीर चुकला हे मी नाकारत नाही. सोन्याच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. पण क्रुपवर उत्तर आलं नाही. १९५१ मध्ये रूहरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या त्या भट्ट्या कोणी चालवायच्या होत्या?

खतावणी:
ज्यांनी १९४५ ते १९५१ चालवल्या त्यांनीच. मालक तुरुंगात असताना एसेनमधले फोरमन, अभियंते आणि कामगार तिथेच होते. उत्पादन बंद करा असं मी म्हणतच नाही. समभाग विश्वस्तांकडे ठेवता आले असते आणि त्यांचा नफा राबवून घेतलेल्या माणसांना जाऊ शकला असता. जप्ती एकट्या क्रुपवर झाली हा अन्याय असेल, तर फ्लिकवरही व्हायला हवी होती, आणि इगे फार्बेन या रसायन कंपनीच्या फ्रिट्स टेर मेअरवरही. ऑशविट्झजवळच्या कारखान्याशी संबंधित गुन्ह्यांत त्याला सात वर्षं झाली होती, आणि १९५६ मध्ये तो बायर या औषध-रसायन कंपनीच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष झाला.